इंग्लंडमधील मध्ययुगीन मत्स्यतळे: ते कसे ओळखावे आणि त्यातून मॅनरचे जीवन कसे समजून घ्यावे

इंग्लंडच्या ग्रामीण भागात उथळ खोऱ्यांमधून चालताना कधी कधी ओढ्याला आडवा गेलेला, गवताने झाकलेला मातीचा लांबट उंचवटा आढळतो. त्याच्या मधोमध खिंडार पडलेले असते, ओढा त्या खिंडारातून वाहत असतो आणि उंचवट्याच्या वरच्या अंगाला, आजूबाजूच्या उतारांशी मुळीच न जुळणारी, सपाट आणि दलदलीची जमीन पसरलेली असते. आज तिथे मेंढ्या चरत असल्या, तरी सातशे-आठशे वर्षांपूर्वी ते एखाद्या सरंजामदाराचे, बिशपचे किंवा मठाचे मत्स्यतळे असण्याची बरीच शक्यता असते. असे तळे जमिनीवर कसे ओळखावे, कागदपत्रांत त्याचा माग कसा काढावा आणि त्यावरून त्या काळच्या मॅनरचे, म्हणजे एका धन्याच्या हाताखालील शेते, कुरणे, गिरणी, न्यायसभा आणि कुळे यांच्या एकत्रित व्यवस्थेचे जीवन कसे समजून घ्यावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मत्स्यतळे म्हणजे गावाच्या अन्नाचा साठा, अशी कल्पना मनात धरून निघालेला अभ्यासक पुढे प्रत्येक पायरीवर चुकतो. सामान्य कुळाच्या ताटात या तळ्यातील मासा क्वचितच आणि बहुधा चोरूनच आला. उपवासाच्या दिवशी त्याच्या वाट्याला खारवलेले हेरिंग किंवा वाळवलेला कॉड येई, आणि तोही विकत घेण्याची ऐपत असली तर. तळ्यातील ताजा ब्रीम किंवा पाइक हा धन्याच्या मेजवानीचा, त्याच्या पाहुण्यांचा आणि त्याने दिलेल्या भेटींचा मासा होता. गावाचा तळ्याशी संबंध आला तो मासे खाण्यापेक्षा बांध घालताना, गाळ काढताना, पाण्याखाली गेलेले कुरण गमावताना आणि रात्री जाळे टाकल्याबद्दल दंड भरताना. हे ध्यानात ठेवले की बांधाची प्रत्येक खूण वेगळ्या अर्थाने दिसू लागते.

घरी बसून करावयाची तयारी

शेतात पाऊल ठेवण्याआधी नकाशांवर पुरेसा वेळ द्यावा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातील सहा इंच प्रमाणाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांवर पुष्कळ ठिकाणी जुन्या मत्स्यतळ्यांची नोंद पुराणवास्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत केलेली आढळते. नोंद नसली तरी शेतांची नावे तपासावीत. पाँड क्लोज, स्ट्यू क्लोज, डॅम मेडो, फिशपूल यांसारखी नावे तळे आटल्यानंतरही शतकानुशतके टिकून राहतात. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइद, म्हणजे चर्चला द्यावयाच्या दशमांश कराच्या, नकाशांसोबतच्या याद्यांत प्रत्येक शेताचा क्रमांक, मालक, कसणारा आणि बहुतेक वेळा नावही दिलेले असते, म्हणून नावांच्या शोधासाठी त्या सर्वांत उपयुक्त ठरतात.

त्यानंतर लेझरद्वारे केलेल्या भूमापनाकडे, म्हणजे लायडारकडे, वळावे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने जवळजवळ संपूर्ण देशाची लायडार माहिती खुली केली आहे. झाडी आणि गवत यांखाली लपलेला अर्धा मीटर उंचीचा बांधही त्या प्रतिमेत स्पष्ट उमटतो. प्रतिमा पाहताना तीन गोष्टी शोधाव्यात: खोऱ्याला आडवा जाणारा सरळ किंवा किंचित वक्र बांध, खोऱ्याच्या एका कडेने समपातळीवर जाणारा अरुंद चर, आणि मुख्य तळ्याच्या बाजूला ओळीने मांडलेले लहान आयताकृती खळगे. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर ते मत्स्यतळे असल्याबद्दल फारसा संशय उरत नाही.

जागा संरक्षित आहे का, हेही आधीच पाहून ठेवावे. अनेक मत्स्यतळी राष्ट्रीय वारसा यादीत संरक्षित स्मारके म्हणून नोंदलेली आहेत आणि अशा ठिकाणी परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जमीन खाजगी असेल तर सार्वजनिक पायवाट सोडण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. खोदकाम करण्याचा विचारही करू नये. पृष्ठभागावरील खुणांतूनच बहुतेक गोष्टी कळतात.

जमिनीवर काय पाहावे

प्रत्यक्ष जागेवर सर्वप्रथम बांध गाठावा आणि त्याच्या माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे. मध्ययुगीन बांध बहुधा तळ्याच्याच जागेवरून खणलेल्या चिकणमातीचा असे, त्यामुळे बांधाची माती आणि तळ्याची खोली या दोन्ही गोष्टी एकाच खोदाईतून साध्य होत. पाणी झिरपू नये म्हणून ओली चिकणमाती तुडवून घट्ट केली जाई आणि वरून हिरवळीचे थापे बसवले जात. बांधाची उंची मोजताना खालच्या अंगाकडून मोजलेली उंची आणि वरच्या अंगाकडून मोजलेली उंची यांतील फरक नोंदवावा. वरच्या अंगाची उंची कमी भरली, तर तो फरक बराचसा शतकानुशतके साचलेल्या गाळाचा असतो आणि त्या गाळात परागकण, बिया व लाकडाचे अवशेष सुरक्षित असण्याचा संभव असतो.

बांधातील खिंडार काळजीपूर्वक पाहावे. तळे रिकामे करण्यासाठी बांधाच्या तळाशी ओकच्या लाकडाची मोरी बसवलेली असे. कधी ती फळ्यांची पेटी असे, तर कधी पोखरलेल्या ओंडक्याची नळी, आणि तिचे तोंड गुडदीने किंवा दारीने बंद केले जाई. तळे सोडून दिल्यावर प्रथम कुजते ती मोरीच, म्हणून आजचे खिंडार बहुतेक वेळा जुन्या मोरीच्या जागीच पडलेले असते. ओढ्याच्या कडेला चिखलातून डोकावणारे काळे पडलेले लाकूड दिसले, तर त्याला हात न लावता त्याचे छायाचित्र घ्यावे आणि परगण्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवावे. पाण्यात राहिलेले ओकचे लाकूड टिकते आणि पुरेशी वर्तुळे शिल्लक असली तर त्यावरून झाड कोणत्या सुमारास तोडले गेले हे ठरवता येते. बांध घातल्याची तारीख इतक्या थेटपणे दुसऱ्या कोणत्याही साधनाने मिळत नाही.

यानंतर सांडवा आणि बगलेचा पाट शोधावा. माझ्या मते तळे बांधणाऱ्यांचे खरे कौशल्य येथेच दिसते. नुसता ओढा अडवून तळे तयार होते, परंतु ते पुराच्या पहिल्या लोंढ्यातच फुटते आणि मासे ओढ्याच्या वाटेने निघून जातात. म्हणून जाणत्या कारागिराने ओढ्याचे पाणी तळ्याच्या वरच्या टोकालाच विभागलेले असते. गरजेपुरते पाणी तळ्यात येते आणि उरलेले खोऱ्याच्या कडेने खणलेल्या पाटातून बांधाला वळसा घालून पुढे जाते. या पाटाचा उतार इतका मंद असतो की सवय नसलेल्या डोळ्याला तो गुरांची जुनी वाट वाटतो. पाटाचा संपूर्ण मार्ग चालून काढावा, कारण तो कधी कधी तळ्यापाशी न थांबता गिरणीपर्यंत, खंदकापर्यंत किंवा लहान तळ्यांच्या रांगेपर्यंत जातो आणि संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा त्यातूनच उलगडतो.

तळ्याच्या तळाकडे पाहताना त्याचा उतार कसा आहे हे लक्षात घ्यावे. बांधाजवळचा खोल भाग हिवाळ्यात, वर बर्फ जमला तरी, माशांना आश्रय देत असे, तर वरच्या टोकाचा उथळ आणि उन्हाने तापणारा भाग अंडी घालण्यास योग्य असे. काही तळ्यांत लहान बेटे शिल्लक ठेवलेली दिसतात. ती पाणपक्ष्यांच्या विणीसाठी असावीत असे सामान्यतः मानले जाते. काही ठिकाणी तळाशी मोरीकडे जाणारे चर आढळतात. पाणी सोडल्यावर मासे आपोआप या चरांत गोळा होत आणि ते पकडणे सोपे जाई.

मोठ्या तळ्याच्या जोडीला असलेली लहान तळी शोधल्याशिवाय परतू नये. मध्ययुगीन लेखनिकांनी मोठ्या, मासे वाढवण्याच्या तळ्याला विव्हेरियम आणि पकडलेले मासे लागेपर्यंत जिवंत ठेवण्याच्या लहान तळ्याला सर्व्हेटोरियम ही लॅटिन नावे दिली, जरी सर्वच लेखनिकांनी हा भेद काटेकोरपणे पाळला नाही. दुसऱ्या प्रकारच्या तळ्याला इंग्रजीत स्ट्यू म्हणत. विव्हेरियम घरापासून काही मैलांवरही असू शके, परंतु स्ट्यू मात्र स्वयंपाकघराच्या जवळ, खंदकाच्या आत किंवा वाड्याच्या बागेत असे, कारण मेजवानीच्या सकाळी आचाऱ्याला हवा तो मासा हवा त्या आकाराचा मिळणे हाच त्याचा हेतू होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने आपल्या सुखवस्तू फ्रँकलिनचे, म्हणजे सरदार नसलेल्या जमीनदाराचे, वर्णन करताना त्याच्या स्ट्यूमध्ये पुष्कळ ब्रीम आणि पाइक असल्याचे सांगितले आहे. यावरून स्ट्यू ही खालच्या पातळीवरील जमीनदारांनाही हवीहवीशी प्रतिष्ठेची वस्तू झाली होती, हे दिसते.

कशाशी गल्लत होते

बांधामागे पाणी साठवण्याची कारणे अनेक होती. गिरणीचे तळे मत्स्यतळ्यासारखेच दिसते आणि पुष्कळदा एकच तळे दोन्ही कामे करत असे, म्हणून बांधाखाली गिरणीच्या इमारतीचा किंवा चाकाच्या खड्ड्याचा मागमूस पाहावा. दक्षिण इंग्लंडच्या वील्ड भागातील हॅमर पाँड ही मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांतील लोखंडाच्या भट्ट्यांसाठी केलेली तळी आहेत आणि त्यांच्या आसपास धातूची मळी सापडते. अठराव्या शतकातील उद्यानांची शोभिवंत सरोवरे कित्येकदा मध्ययुगीन तळ्यांनाच मोठे करून घडवलेली असतात. अशा ठिकाणी जुना बांध पाण्याखाली गेलेला असतो. चौकोनी खंदक ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या मधोमध घर मावेल एवढी जागा असते.

तळ्याभोवतीचा परिसर

तळे एकटे पाहू नये. त्याच्यापासून अर्ध्या मैलाच्या परिघात मॅनरचे घर, चर्च, कबुतरखाना, सशांच्या पैदाशीसाठी केलेले मातीचे उंचवटे, हरणांच्या उद्यानाची हद्द आणि गिरणी यांपैकी काय काय आहे, याची नोंद करावी. कबुतरे, ससे, हरणे आणि मासे या चारही गोष्टी धन्याच्या राखीव अधिकारात मोडत. त्या एकमेकांजवळ मांडण्यात सोय होती, तसेच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत ते वैभव भरावे हा हेतूही होता. वाड्याकडे जाणारा रस्ता तळ्याच्या काठावरून किंवा बांधाच्या माथ्यावरून नेलेला असेल, तर पाहुण्याने पाण्यात प्रतिबिंबित झालेला वाडा पाहतच आत यावे, अशी ती योजना असावी असे मानण्यास जागा आहे.

या परिसराची दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने तपासली पाहिजे. पाण्याखाली नेमकी कोणती जमीन गेली, हा प्रश्न प्रत्येक तळ्यापाशी विचारावा. ओढ्याकाठचे गवताळ कुरण ही मध्ययुगीन गावाची सर्वांत मोलाची जमीन होती, कारण हिवाळ्यात बैल जगवण्यासाठी लागणारे वाळके गवत तिथेच होई. तळे नेमके त्याच जमिनीवर येई. लायडारच्या प्रतिमेत नांगरटीच्या समांतर उंच-सखल पट्ट्या बांधाच्या किंवा तळ्याच्या काठाखाली शिरताना दिसल्या, तर तळ्याआधी तिथे शेती होती हे सिद्ध होते. विजेता विल्यमच्या काळात यॉर्क येथे फॉस नदी अडवून केलेल्या राजाच्या तळ्याबद्दल १०८६ च्या डोम्सडे या जमीनमालमत्तेच्या राजकीय नोंदवहीत स्पष्ट लिहिले आहे की त्या तळ्याने दोन नव्या गिरण्या आणि त्याबरोबर शेते, कुरणे व बागा नष्ट केल्या. इतक्या सुरुवातीच्या काळात नुकसानीची अशी नोंद मिळते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

नव्या तळ्यामुळे वस्तीची रचनाही बदलू शके. हॅम्पशरमधील आल्सफर्ड येथे विंचेस्टरचा बिशप गॉडफ्री द लूसी याने, ११८९ ते १२०४ या आपल्या कारकिर्दीत, मोठा बांध घालून विस्तीर्ण तळे तयार केले आणि त्याच सुमारास जवळच न्यू आल्सफर्ड हे बाजाराचे गाव वसवले. जुन्या आणि नव्या आल्सफर्डला जोडणारा रस्ता आजही त्या बांधावरूनच जातो आणि तळेही, पूर्वीपेक्षा बरेच लहान झालेले असले तरी, अस्तित्वात आहे. बांधाची भव्यता प्रत्यक्ष अनुभवायची असेल तर या रस्त्यावरून चालावे. दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरक पाहिल्यावर, फावडी, टोपल्या आणि गाड्या यांच्या जोरावर हे काम किती माणसांनी आणि किती दिवस केले असेल, याची जाणीव होते.

कागदपत्रांतील माग

जमिनीवरील खुणांना अर्थ येतो तो कागदपत्रांमुळे, आणि इंग्लंडमधील मॅनरची कागदपत्रे या बाबतीत असाधारण समृद्ध आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये कोणत्या मॅनरची कोणती कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, हे शोधता येते. मत्स्यतळ्यासाठी चार प्रकारचे दस्तऐवज पाहावेत आणि त्यांचा प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे हे लक्षात ठेवावे.

पहिला आणि सर्वांत फलदायी प्रकार वार्षिक हिशेबांचा आहे. रीव्ह किंवा बेलिफ या नावाने ओळखला जाणारा कारभारी २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणापासून पुढच्या मायकेलमसपर्यंतचा जमाखर्च धन्याच्या हिशेबतपासनिसांपुढे मांडत असे. यातील खर्चाची बाजू आधी वाचावी. बांध दुरुस्त करण्यासाठी लावलेली माणसे, मोरीसाठी तोडलेले ओक, जाळ्यांसाठी घेतलेला दोरा, रखवालदाराची मजुरी, मासे वाहून नेणाऱ्या गाड्या यांचा तपशील तिथे पेन्सपर्यंत दिलेला असतो. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. वर्षे बहुधा राजाच्या किंवा बिशपच्या कारकिर्दीच्या क्रमाने दिलेली असतात, म्हणून ती आजच्या सनात रूपांतरित करून घ्यावीत. विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीचे हिशेब १२०८–०९ पासून दीर्घ मालिकेत उपलब्ध आहेत आणि त्यांतील तळ्यांच्या नोंदींवरून संशोधकांनी तळ्यांच्या व्यवस्थापनाचे अत्यंत बारकाईचे चित्र उभे केले आहे.

हिशेब वाचताना एक गोष्ट नवख्याला चकवते: माशांच्या विक्रीचे उत्पन्न फारच कमी, किंवा शून्य, दिसते. यावरून तळे निरुपयोगी होते असा निष्कर्ष काढू नये. मासे विकण्यासाठी वाढवलेलेच नव्हते. ते धन्याच्या स्वयंपाकघरात गेले, मित्र, आप्त आणि राजदरबारातील वजनदार माणसे यांना भेट म्हणून गेले, किंवा दुसऱ्या तळ्यात बीज म्हणून सोडले गेले. वाढीला लागलेला मोठा पाइक बाजारात मजुराच्या अनेक दिवसांच्या मजुरीइतका महाग असे, आणि अशी वस्तू विकत न घेता आपल्याच तळ्यातून काढून पाहुण्यापुढे ठेवता येणे यातच तिचे मोल होते.

दुसरा प्रकार म्हणजे जहागिरीची मोजदाद आणि मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा सरदार मरण पावला की स्थानिक ज्यूरीकडून त्याच्या मालमत्तेची किंमत ठरवून घेतली जाई आणि त्यात मत्स्यतळ्याचे वार्षिक मूल्यही येई. या किमती अनेकदा वास्तवापेक्षा कमी सांगितलेल्या असतात, म्हणून त्यांवरून केवळ तळ्याचे अस्तित्व आणि त्याची अवस्था एवढेच घ्यावे.

तिसरा प्रकार मॅनरच्या न्यायसभेच्या नोंदींचा आहे. येथे गाव बोलते, जरी ते आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलत असले तरी. धन्याच्या पाण्यात मासे पकडल्याबद्दल, पाटाचे पाणी आपल्या शेताकडे वळवल्याबद्दल, बांधावर गुरे सोडल्याबद्दल ठोठावलेले काही पेन्सांचे दंड सलग दहा-वीस वर्षांच्या नोंदींत पाहावेत. तेच ते नाव वारंवार येत असेल, तर दंड हा त्या माणसाने मासे पकडण्यासाठी मोजलेला वार्षिक मोबदलाच झाला होता की काय, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मॅनरमध्ये वेगळे मिळते.

चौथा प्रकार राजाच्या दफ्तरातील आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या कायद्याने उद्याने आणि मत्स्यतळी यांत घुसखोरी करणाऱ्यांसाठी नुकसानभरपाईखेरीज तीन वर्षांच्या कैदेची तरतूद केली. त्यानंतरच्या पेटंट रोल्समध्ये, म्हणजे राजाच्या खुल्या पत्रांच्या नोंदींत, अमुक सरदाराचे उद्यान फोडले, तळ्यात मासेमारी केली आणि मासे पळवून नेले, अशा तक्रारींवर नेमलेल्या चौकशी आयोगांच्या नोंदी पदोपदी भेटतात. ही वाक्ये ठरावीक साच्याची असतात. अशा तक्रारींत गुन्हेगार म्हणून कित्येकदा शेजारचे सरदार, त्यांचे नोकर, अगदी धर्मगुरूही येतात, कारण शत्रूच्या तळ्यातील मासे लुटणे हा त्याचा उघड अपमान करण्याचा मार्ग होता. १३८१ च्या शेतकरी उठावात राखीव पाणी, उद्याने आणि जंगले सर्वांना खुली करावीत, ही मागणी पुढे आली होती, असे समकालीन बखरकार हेन्री नायटन सांगतो. तळ्याभोवतीचा राग किती खोल होता हे या मागणीवरून कळते.

चारही प्रकारांत लॅटिन शब्दांची थोडी ओळख असावी. स्टॅग्नम म्हणजे साठवलेले पाणी, आणि ते गिरणीचेही असू शकते. गुर्जेस म्हणजे नदीतील मासे पकडण्याचा अडसर, तर पिस्केरिया म्हणजे मासेमारीचा हक्क. पिस्केरिया दिसले की तळेच असेल असे गृहीत धरल्याने पुष्कळ चुका झाल्या आहेत. लुसियस म्हणजे पाइक, ब्रेमा म्हणजे ब्रीम आणि अँग्विला म्हणजे वाम. वामी पंचवीसच्या जुडीने मोजल्या जात आणि त्या जुडीला स्टिक म्हणत, म्हणून हिशेबातील चाळीस स्टिक म्हणजे एक हजार वामी. वामीची पैदास तळ्यात होत नाही. ती समुद्रातून नदीवाटे आपणहून येते आणि गिरणीच्या दारीपाशी लावलेल्या सापळ्यांत सापडते, त्यामुळे वामीची मोठी नोंद दिसली तर शोध गिरणीच्या दिशेने न्यावा.

तळ्याचे चक्र उभे करणे

जमीन आणि कागद दोन्ही हाती आले की तळे प्रत्यक्ष कसे चालत होते, हे क्रमाने मांडून पाहावे. या मांडणीत वर्ष हे एकक पुरेसे नाही, तर साधारण तीन ते पाच वर्षांचे चक्र घ्यावे लागते. ब्रीम हा मध्ययुगीन तळ्याचा मुख्य मासा होता आणि तो सावकाश वाढतो. त्याला मेजवानीयोग्य होण्यास कित्येक वर्षे लागत, म्हणून घाईने तळे उपसणे म्हणजे पुढची काही वर्षे हातची घालवणे होते. पाइक झपाट्याने वाढतो परंतु इतर माशांना खातो, म्हणून त्याला वेगळ्या तळ्यात किंवा मोजक्याच संख्येत ठेवावे लागे. टेंच, पर्च आणि रोच हे दुय्यम मासे होते, आणि त्यांपैकी टेंच चिखलट व कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो.

कार्पबाबत विशेष सावध राहावे. मत्स्यतळे म्हटले की आज पहिले नाव कार्पचे येते, परंतु इंग्लंडमधील भरभराटीच्या काळातील, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांतील, तळ्यांत कार्प नव्हता. तो मध्ययुगाच्या अगदी अखेरीस आला. १४६० च्या दशकात सर जॉन हॉवर्ड, जो पुढे नॉरफकचा ड्यूक झाला, आपल्या तळ्यांत कार्प सोडत असल्याच्या नोंदी आहेत, आणि १४९६ मध्ये छापलेल्या गळाने मासेमारी करण्याविषयीच्या पुस्तिकेत कार्प हा उत्तम मासा असला तरी इंग्लंडमध्ये तो थोडाच आहे, असे म्हटले आहे. तेराव्या शतकातील तळ्याच्या माहितीफलकावर कार्पचे चित्र दिसले तर ते चूक समजावे.

ठरलेल्या वर्षी मोरी उघडून पाणी सोडले जाई. मोठे मासे निवडून स्ट्यूमध्ये किंवा थेट स्वयंपाकघराकडे जात, लहान मासे दुसऱ्या तळ्यात हलवले जात, आणि दूरच्या वाड्याकडे पाठवायचे मासे पिंपांतून किंवा ओल्या गवतात गुंडाळून गाड्यांवरून नेले जात. उघड्या पडलेल्या तळाचा गाळ काढून शेतांवर पसरला जाई. काही ठिकाणी तो तळ नांगरून त्यात पीक घेतले जाई किंवा गुरे चारली जात, आणि त्याच काळात बांधाची व मोरीची डागडुजी होई. या एका हंगामात वेठीच्या कामाला बांधलेली व्हिलेन कुळे, रोजंदारीवरचे मजूर, सुतार, गाडीवाले आणि बाहेरून बोलावलेले अनुभवी कोळी असे सारे तळ्यावर एकत्र येत. त्यामुळे न्यायसभेच्या त्या वर्षीच्या नोंदी आणि हिशेबाच्या त्या वर्षीच्या नोंदी एकमेकांशेजारी ठेवून वाचाव्यात. मॅनरचे जीवन इतक्या जवळून दाखवणाऱ्या जागा थोड्या आहेत.

पकडण्याचे वेळापत्रक धर्माच्या दिनदर्शिकेशी जोडून पाहावे. शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा लेंट, सणांच्या पूर्वसंध्या आणि अनेक घरांत बुधवार व शनिवारही मांसवर्ज्य असत. संत बेनेडिक्टच्या नियमाने अशक्त आजाऱ्यांखेरीज इतर भिक्षूंना चार पायांच्या प्राण्यांचे मांस वर्ज्य केले होते. तरीही मठांजवळची प्रत्येक जुनी तळी भिक्षूंच्या रोजच्या जेवणासाठी होती, हे लोकप्रिय मत पुराव्याला उतरत नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीसारख्या संपन्न मठातही भिक्षूंच्या जेवणात समुद्रातील माशांचेच प्रमाण फार मोठे होते आणि तळ्याचे मासे सणावारी येत. सॉमरसेटमधील मीर येथे ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीने चौदाव्या शतकात बांधलेले मत्स्यगृह अजून उभे आहे. ते मीरच्या विस्तीर्ण नैसर्गिक जलाशयावरील मासेमारी सांभाळणाऱ्यासाठी होते, तो जलाशय पुढे निचरा करून नाहीसा करण्यात आला. तळमजल्यावर माशांचे काम आणि वर राहण्याची जागा, ही त्याची रचना पाहिली की हे काम किती जबाबदारीचे मानले जात होते ते कळते. रटलंडमधील लिडिंग्टन येथे लिंकनच्या बिशपांच्या वाड्याजवळील तळ्यांचे मातीकाम आणि सरी परगण्यातील, १२४६ च्या सुमारास विंचेस्टरच्या बिशपसाठी केलेले फ्रेनशमचे मोठे तळे, ही दोन्ही ठिकाणेही प्रत्यक्ष पाहावीत, कारण एका ठिकाणी कोरडी आणि दुसऱ्या ठिकाणी भरलेली अशी तळ्याची दोन्ही रूपे पाहून डोळा तयार होतो.

तळ्याचा शेवट कसा ठरवावा

शेवटचे काम म्हणजे तळे केव्हा आणि का बंद पडले, हे शोधणे. १३४८–४९ च्या महामारीनंतर मजुरीचे दर वाढले, वेठीची कामे करून घेणे अवघड झाले आणि अनेक धन्यांनी आपली तळी रोख खंडाने दुसऱ्यांना चालवायला दिली. हिशेबांत बांधदुरुस्तीचा खर्च नाहीसा होऊन त्याजागी खंडाची एकच ओळ दिसू लागली, की हा बदल झाला असे समजावे. मठांची तळी १५३६ ते १५४० च्या दरम्यान मठ बरखास्त झाल्यावर नव्या मालकांकडे गेली. त्या वेळच्या पाहणीत ती तळी म्हणून नोंदलेली आहेत की कुरण म्हणून, हे तपासावे. खिंडाराच्या कडा पुराने झिजून उतरत्या झालेल्या आहेत की सरळ कापून काढलेल्या आहेत, तेही पुन्हा एकदा जागेवर जाऊन पाहावे. सरळ कापलेली कड असेल, तर कोणीतरी विचारपूर्वक पाणी सोडून ते कुरण परत मिळवले असण्याचा संभव मोठा, आणि त्यानंतरच्या पहिल्या नकाशावर त्या शेताचे मेडो असे नाव आढळते का, हे पाहून नोंद पूर्ण करावी.